पावसाच्या खटल्यातले आरोपी

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या जामला फुटतो. एक वाट हिंगणघाटला जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरला. हिंगणघाट कापसाचे गाव, चंद्रपूर कोळशाचे. दिवाळीनंतर या चौरस्त्यावर काही वेळ उभे राहिले, तर कापूस भरलेल्या गाड्यांमागून ताडपत्री ओढलेले कोळशाचे ट्रक जाताना दिसतात. भोवतीच्या शिवारात बोलणे एकच असते : मृग कोरडा गेला, दुबार पेरणी झाली, आणि बोंडे फुटायच्या वेळी नको असलेला पाऊस आला. ‘हवामान बदलले’ हे वाक्य आज इथे पारावर सहज बोलले जाते. पण हवामान खरोखर बदलते आहे का, बदलत असेल तर दोष कुणाचा आणि वागणे बदलायचे कुणी, हा वाद या मुलखाला नवा नाही. त्याचा माग काढत आपण पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ.

पहिला धागा पुण्याजवळच्या दापोडीत सापडतो. तिथल्या सरकारी वनस्पती बागेची व्यवस्था 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन या कंपनी सरकारच्या डॉक्टरकडे होती. कोकणात आणि घाटावर होणारी तोड पाहून त्याने वरिष्ठांना बजावले की जंगल गेले की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. चार वर्षांनी, 1851 मध्ये, ह्यू क्लेगहॉर्न या वनस्पतितज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीच्या परिणामांवरचा अहवाल ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे ठेवला. झाडे आणि पाऊस यांचे नाते आता विद्वानांच्या चर्चेचा विषय झाले होते, आणि त्या चर्चेतून सरकारला जंगलावर हक्क सांगायला एक भारदस्त कारणही मिळाले.

याच काळात वर्धेचे खोरे झपाट्याने पालटत होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंगणघाटच्या तलम कापसाला सोन्याचे दिवस आले. 1862 मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा हा वेगळा जिल्हा केला गेला. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते. रुळांखालच्या स्लीपरांसाठी साग पडत होता आणि वरोऱ्याच्या खाणीतला कोळसा इंजिनात जळत होता.

पावसाच्या खटल्यात मात्र पिंजऱ्यात उभा केला गेला तो डोंगरातला गोंड आणि बैगा. सरकारी हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने 1887 मध्ये जंगलांचा पावसावरचा परिणाम तपासला, आणि त्यासाठी नमुना म्हणून निवडला तो मध्य प्रांत, म्हणजे वर्धा ज्यात होता तोच प्रांत. झाडोरा जाळून राखेत पेरण्याच्या गोंड-बैगांच्या दह्या शेतीला तिथे आळा घातला होता. त्यानंतर रान वाढले आणि पाऊसही वाढला, असे नोंदींवरून त्याला वाटले. रेल्वेच्या ठेकेदाराचे नाव या हिशेबात नव्हते. चार वर्षे आधी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला होता. जंगल खात्याने चराईची राने बंद केल्याबद्दल त्यांनी सरकारला धारेवर धरलेच, शिवाय पावसाचे पाणी शिवारात मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधण्याचे काम सरकारने अंगावर घ्यावे, असेही सुचवले. बदल कुणी करायचा, याचे उत्तर त्यांनी उलट दिशेने दिले.

1896 हे साल या कथेत दोनदा येते. स्टॉकहोममध्ये स्वान्ते अऱ्हेनियसने त्या वर्षी गणित प्रसिद्ध केले की हवेतला कार्बनिक आम्ल वायू, म्हणजे कोळसा जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड, दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. त्याच वर्षी मध्य प्रांतात पाऊस दगा देऊन गेला आणि दुष्काळ पडला. 1899 मध्ये त्याहून भीषण दुष्काळ आला. पाऊस कायमचा आटतो आहे, ही धास्ती वाढली. तेव्हा हवामान खात्याच्या गिल्बर्ट वॉकरने जुन्या नोंदी चाळल्या आणि 1910 मध्ये निर्वाळा दिला : हवामान कायमचे पालटल्याचा पुरावा नाही, चांगल्या आणि वाईट वर्षांचे फेरे येतच असतात. त्याच्या हातातल्या आकड्यांपुरता तो निष्कर्ष रास्त होता. अऱ्हेनियसचे गणित आणि वॉकरच्या नोंदवह्या यांची गाठ पडायला मात्र अजून बराच अवकाश होता.

पुढचे वळण थेट वर्ध्यात येते. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याची कचेरी थाटली गेली. सूत्रे होती जे. सी. कुमारप्पा या तंजावरच्या, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या हिशेबतपासनिसाकडे. मगनवाडीत ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार झाला. तो रॉकेलऐवजी गावातल्या वनस्पती तेलावर जळे. त्या कंदिलामागे एक सिद्धान्त होता. कोळसा आणि खनिज तेल हे साठे आहेत, ते उपसले की संपतात आणि त्यांच्यासाठी युद्धे होतात. ऊन, वारा, बैल आणि पीक यांचा ओघ मात्र दरवर्षी नव्याने येतो. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कुमारप्पांनी 1945 मध्ये हा विचार सविस्तर मांडला. तापमानवाढीची चिंता त्यात नव्हती. पण त्यांनी बोट ठेवले ते दह्या शेतीवर नाही, कोळशावर. इंग्लंडमध्ये 1938 सालीच गाय कॅलेंडर हा अभियंता जगभरच्या तापमानांचे आकडे जुळवून त्याच कोळशाकडे पोचला होता.

1988 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी ही हवामान बदलाचा आढावा घेणारी समिती स्थापन झाली आणि वाद जगाच्या दरबारात गेला. तिथेही जुनी सवय डोकावली. 1991 मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण या भारतीय पर्यावरण अभ्यासकांनी दाखवून दिले की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत तोलले जात आहेत. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन यांत त्यांनी केलेला भेद आजही वाटाघाटींच्या मुळाशी आहे.

आता आपण पुन्हा वर्धा जिल्ह्यात येऊ. 2017 मध्ये आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने श्रमदानातून पाणी अडवून गावांसाठीच्या जलसंधारण स्पर्धेतला वॉटर कप जिंकला. 2018 पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, शेततळी आणि ठिबक यांसाठी अनुदान देऊ लागला. 2020 मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी झाडे पडू लागली, तेव्हा नागरिक आडवे आले. आणि 2022 च्या जुलैत अतिवृष्टीने हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतांतली पऱ्हाटी आणि सोयाबीन खरडून नेले. फुल्यांनी सरकारकडून मागितलेली ताल आता शेतकरी स्वतः घालतो, काही अनुदानावर, बरीचशी घामावर. त्याला वाण बदला, पेरणी पुढे ढकला, विमा काढा असे सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा नाही. पण वरोऱ्याच्या पहिल्या खाणीपासून चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रापर्यंत जो कोळसा जळत आला, त्याची वीज ज्यांनी सर्वाधिक वापरली, त्यांना वागणे बदलायला कुणी इतक्या निकडीने सांगितलेले नाही. कारणांबद्दलचा विज्ञानातला वाद मिटला आहे. जबाबदारीच्या वाटणीचा वाद मात्र 1887 मध्ये होता तिथून फारसा हललेला नाही, आणि तो हलवायचा तर जाम परिसरातल्या कापूस उत्पादकाला साक्षीदार म्हणून नव्हे, फिर्यादी म्हणून बोलवावे लागेल.