बोईसर स्टेशनबाहेरची पाटी कुठल्या कायद्यात बसते?

हातगाडी उचलली की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो रस्ता चालायला आहे, दुसरा म्हणतो पोटाचं काय? सुप्रीम कोर्टाने दोघांचंही म्हणणं १९८९ मध्येच ऐकून घेतलंय. दिल्लीच्या सोदन सिंग खटल्यात कोर्ट म्हणालं, रस्त्यावर माल विकणं हा व्यवसायाचा मूलभूत हक्क आहे. पण अमुक एक जागा कायमची आपली, असा हक्क कुणालाच नाही.

मुंबईतल्या फेरीवाल्यांची कोर्टातली लढाई तर त्याच्याही आधीची. शेवटी संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला, तो १ मे २०१४ पासून लागू झाला. त्याचा गाभा एवढाच: आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि तोवर कुणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत.

त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला जिल्हा झाला. पालघरला नगरपरिषद होती. बोईसरला? १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, एमआयडीसी वाढली, बोईसर शहर झालं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. कायद्यात महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत अशी नावं आहेत, ग्रामपंचायतीचं नाही. शहरात नागरी सेवा देणाऱ्या 'अन्य संस्था' असे मोघम शब्द आहेत, त्यांचा अर्थ लावत बसा! ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायत बाजार फी घेऊ शकते आणि अतिक्रमण म्हणून उठवूही शकते.

त्यात रेल्वेची जमीन २०१४ च्या कायद्यातून वगळलेली. म्हणजे शेवळी-कंटोळी घेऊन आलेली बाई चार पावलं स्टेशनकडे सरकली की तिचा कायदाच बदलतो. एल्फिन्स्टन पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर २०१७ मध्येच मुंबई हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई केली. पुलावर जीव गुदमरतो हे खरंच. पण गिऱ्हाईक गाडीतून उतरतं तिथेच ना?

आणखी एक तरतूद फार कुणाला माहीत नसते. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार 'वारसा बाजार' जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं परिशिष्टात लिहिलंय. पालघरच्या रस्त्याकडेला मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या घरांत ही दुसरी-तिसरी पिढी असेल. आजीच्या वेळच्या बाजाराच्या पावत्या कुणाकडे असतील तर फेकू नका, फोटो काढून ठेवा.