अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाशीचे नाव

बीदर शहराजवळच्या जनवाडा येथे जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. भोवतालच्या शिवारात तूर, हरभरा, ज्वारी आणि ऊस ही पिके दिसतात. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर आणि हरभरा या दोन्ही पिकांचा मुख्य वैरी एकच, शेंगा व घाटे पोखरणारी हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही घाटेअळी. तिच्या नैसर्गिक शत्रूंमध्ये परोपजीवी गांधीलमाश्यांचे स्थान मोठे आहे. शेतकरी त्यांना सरसकट ‘मित्रकीटक’ म्हणतो. मात्र कोणता मित्र कोणत्या पिकात उपयोगी पडतो, हे त्याचे नेमके नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही.

‘परोपजीवी’ हा शब्द येथे जरा जपून घ्यावा लागतो. गोचीड रक्त शोषते, पण यजमानाला सहसा जिवंत ठेवते. या गांधीलमाशीची अळी मात्र यजमान किडीच्या शरीरात किंवा शरीरावर वाढते आणि अखेरीस तिला मारते. प्रौढ माशी घर बांधत नाही, माणसाच्या वाटेलाही जात नाही. एरवी ‘गांधीलमाशी’ म्हटले की जी भीती वाटते, तिला येथे आधार नाही.

हे सर्व कीटक मुंग्या व मधमाश्यांप्रमाणेच हायमेनॉप्टेरा या गणातील आहेत. छाती आणि पोट यांच्यामधली बारीक कंबर आणि पंखांच्या दोन जोड्या ही पहिली खूण होय. पंखांची एकच जोडी दिसली, तर तो कीटक माशीवर्गातला. हा भेद वाटतो तितका किरकोळ नाही. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील निरीक्षणांनुसार हरभरा व ज्वारीवरील घाटेअळीवर गांधीलमाश्यांचा, तर तुरीवरील अळीवर टॅकिनिड माश्यांचा प्रभाव अधिक दिसतो.

पुढची पायरी पंखांवरील शिरांची. इक्न्यूमोनिडी कुलात पुढच्या पंखावर मागे वळणाऱ्या दोन आडव्या शिरा असतात, ब्रॅकोनिडी कुलात बहुधा एकच. लहान घाटेअळीत अंडे घालणारी कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही पहिल्या कुलातली. हरभऱ्याच्या झाडावर मेलेल्या अळीच्या कातडीशेजारी तिचा छोटासा कोश आढळतो. कॅल्सिडॉइडिया या महाकुलात शिरांचे जाळे जवळजवळ नाहीसे होऊन पंखाच्या कडेला एखादीच शीर उरते. तेथे पायांच्या टोकाकडील सांधे मोजावे लागतात. युलोफिडी कुलात ते चार आणि ट्रायकोग्रामाटिडी कुलात तीनच असतात. पश्चिम किनाऱ्यावरील माडांच्या काळ्या डोक्याच्या अळीवर सोडली जाणारी गोनिओझस नेफँटिडिस आणखी वेगळ्या, बेथिलिडी कुलातील आहे.

कुलापर्यंत पोहोचणे सरावाने जमते. खरी कसोटी जात ठरवताना लागते आणि ट्रायकोग्रामाइतके त्याचे बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. ही माशी सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची असून दुसऱ्या किडीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते. पंखांवरील केसांच्या ओळींवरून तिला हे नाव मिळाले. पूर्वी तिच्या जाती रंग व आकारावरून ठरवीत. परंतु रंग तापमानानुसार पालटतो आणि शरीराचा आकार यजमानाच्या अंड्यानुसार कमीअधिक होतो. साहजिकच भिन्न जाती एकाच नावाखाली जमा होत गेल्या.

या गोंधळातून वाट काढण्याचे काम मुख्यतः बंगळूरु येथे झाले. राष्ट्रकुल जैविक कीडनियंत्रण संस्थेच्या तेथील केंद्रातील सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ पासूनच्या लेखनात संकराचे प्रयोग आणि नराच्या जननेंद्रियाची रचना यांचा आधार घेतला. जातीची ओळख पटवण्यासाठी ही रचना किती भरवशाची आहे, हे त्यांनी १९७१ मध्ये ज्ञात जातींचे नव्याने वर्णन करून दाखवले. भारतात सर्रास आढळणारी जात आधी ऑस्ट्रॅलिकम व पुढे कन्फ्यूझम या नावांनी ओळखली जात होती. तीच जपानमधून इशी यांनी १९४१ मध्ये वर्णिलेली ट्रायकोग्रामा किलोनिस होय, असे अखेर ठरले. ‘कन्फ्यूझम’ हे नाव तिला शोभत होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

आज ट्रायकोकार्ड म्हणून विकली जाते ती बहुधा हीच. उसावरील खोडकिडीविरुद्ध तिचा चांगला उपयोग होतो. हरभऱ्यावर मात्र ती निष्प्रभ ठरते. पहाटे पानांवर जमणारी आंब, जी आपल्याकडे फडक्याने टिपून पोटदुखीवर देतात, तिच्यात मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असतात आणि ती या इवल्या माशीला मानवत नाहीत. तुरीच्या शेंगांवरचे केस व चिकट स्रावही तिला अडवतात. जनवाड्याच्या शिवारात उसाला लावलेले कार्ड शेजारच्या तुरीत त्याच भरवशावर लावता येत नाही, ते यामुळे.

नरावरून जात ओळखण्यातही एक अडचण आहे. वोल्बाकिया नावाच्या जिवाणूची लागण झालेल्या काही ट्रायकोग्रामांमध्ये मादीपासून माद्याच जन्मतात आणि नर मिळतच नाहीत. अशा वेळी डीएनएच्या ठरावीक तुकड्याचा क्रम वाचून जात ठरवतात.

कपाशीवरील पिठ्या ढेकणाच्या परोपजीवीची कथा निराळी आहे. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती माशी नवी जात म्हणून वर्णिली आणि कीडव्यवस्थापन तज्ज्ञ बंबावाले यांच्या सन्मानार्थ तिला एनेशियस बंबावालेई हे नाव दिले. पुढे ती अमेरिकेतून फार पूर्वीच नोंदली गेलेली एनेशियस ॲरिझोनेन्सिस असल्याचे दिसून आले आणि नियमाप्रमाणे जुने नाव कायम झाले. मराठी आडनाव शास्त्रीय यादीत मागे पडले, याची थोडी हळहळ वाटते. परंतु यजमान कीडही अमेरिकेचीच असल्याने तिचा शत्रू तिच्या मागोमाग आला असावा, हा उलगडा त्या दुरुस्तीमुळे झाला.

पपईच्या बाबतीत ओळख वेळेवर पटली. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळला आणि २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही माशी मागवून सोडण्यात आली. कीड आणि तिचा शत्रू या दोघांची नावे निश्चित नसती, तर काय मागवायचे हेच कळले नसते.

नमुना तज्ज्ञाकडे पाठवायचा असल्यास उडती माशी पकडण्यापेक्षा संशयित अळी किंवा अंडी काचनळीत ठेवून प्रौढ माशी बाहेर येऊ देणे श्रेयस्कर, कारण त्यातून यजमानही निश्चित होतो. माशी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. सोबतच्या चिठ्ठीवर पीक, यजमान कीड, गाव व तारीख पेन्सिलने लिहावी, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई पुसली जाते.