हॅपी बर्थडे जोशी!

परभणीत झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावायचा, घरी येऊन बघायचं तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. तुमच्यापैकी अनेकांनी हे भोगलंय. सबमिशनच्या आदल्या रात्री मीही भोगलंय. आज त्या व्हायरसच्या खानदानाची गोष्ट.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी, १९९० मध्ये, भारतात एक व्हायरस सापडला. नाव काय? जोशी! ५ जानेवारीला कॉम्प्युटर चालू केला की तो अडून बसायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा म्हणायचा. टाइप केलं की मशीन पुन्हा चालू. हसू येतं, पण प्राणी चिवट होता. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सगळ्यात आधी वाचतो त्या जागी, तो बसायचा. तिथून मेमरीत, मग हार्ड डिस्कवर, मग पुढच्या फ्लॉपीवर. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून रीस्टार्ट केलं तरी मेमरीतच. मशीन पार बंद करून, स्वच्छ फ्लॉपीने सुरू करावी लागायची. आणि गावोगाव त्याला पोचवणारे कोण? फ्लॉपी खिशात घालून फिरणारे आपणच.

पण स्वतःची नक्कल काढणं इतकं सोपं असतं का? १९४० च्या दशकात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याच प्रश्नावर अडला होता. यंत्राला स्वतःसारखं यंत्र बनवायचं तर स्वतःचा आराखडा हवा. मग त्या आराखड्यात आराखड्याचाही आराखडा हवा, त्यात अजून एक... संपतच नाही, राव! त्याने तोड काढली: आराखडा दोनदा वापरा. एकदा वाचून यंत्र बांधायला आणि दुसऱ्यांदा काही न वाचता, जसाच्या तसा उतरवून नव्या यंत्रात ठेवायला. आपल्या ज्वारीच्या दाण्यातला डीएनएसुद्धा असाच दोन्हीकडून वापरला जातो. पण डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये, म्हणजे नॉयमनच्या नंतर! त्याचं पुस्तक मात्र तो गेल्यावर, १९६६ मध्ये आलं.

जोशीला यंत्र बांधायची गरजच नव्हती, ते टेबलावर तयार होतं. नुसता आराखडा उतरवला की झालं.

१९९० च्याच दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. व्हायरस लागलेली मशीन येऊ लागली, तेव्हा धाकट्या संजयने ती साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच पुढे क्विक हील उभी राहिली.

आणि माझं सबमिशन? फाइली पेनड्राइव्हमध्येच होत्या, व्हायरसने फक्त लपवलेल्या. एका मित्राने एक कमांड मारून सगळ्या परत दाखवल्या. वर चहा मात्र माझ्याकडून घेतला.