जुन्या घरावर चाल

फुटबॉलच्या प्रेक्षकांत एक समजूत फार घट्ट आहे. एखादा प्रशिक्षक संघ सोडून गेला आणि पुढे प्रतिपक्षाचा होऊन त्याच संघासमोर उभा ठाकला, तर बाजी त्याचीच. कारण काय, तर त्याला घरातले सर्व ठाऊक. कोणता बचावपटू डाव्या पायाने दुबळा, कोणाचा धीर शेवटच्या दहा मिनिटांत सुटतो, पेनल्टी घेताना कोण कोणत्या कोपऱ्याकडे पाहतो आणि मारतो मात्र दुसरीकडे, हे सारे त्याच्या वहीत टिपलेले असते. रामायणातला बिभीषण आपल्या मनात इतका खोल बसला आहे की, घरातून फुटून गेलेला माणूस म्हणजे निम्मी लंका पडलीच, असे आपण धरून चालतो. ही समजूत साक्षीपुराव्याच्या कसोटीस उतरते काय, हे पाहण्याचा मोह माझ्यासारख्या वकिलास व्हावा हे साहजिक आहे. आणि मी हैदराबादचा असल्यामुळे हा प्रश्न माझ्या लेखी केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

आरंभी आमच्या शहराचे मोठेपण थोडे सांगितलेच पाहिजे. माझे आजोबा नांदेडहून येथे आले तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद संस्थानाचाच भाग होता. त्यांच्या बोलण्यात फतेह मैदान, म्हणजे आजचे लालबहादूर स्टेडियम, आणि हैदराबाद सिटी पोलीस हे दोन शब्द वारंवार येत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ह्या पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेजवर जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. लोक त्यांना रहीमसाहेब म्हणत. चेंडू पायाशी घोळवत बसणाऱ्या खेळाडूची खोड मोडावी म्हणून, ड्रिब्लिंग पूर्ण वर्ज्य असलेले सामने त्यांनी भरविले. नुसत्या दुबळ्या पायाने खेळावयाचे सामनेही भरविले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. आपल्या गोमंतकीय वाचकांस हे वेगळे सांगावयास नको, की त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा आसगावचा सुपुत्र होता. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

रहीमसाहेबांनी पोलीस संघ अखेरपर्यंत सोडला नाही. त्यामुळे आपल्या जुन्या संघाशी लढण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. आला तो त्यांच्या शिष्यावर.

जकार्ताच्या त्या अंतिम सामन्यातला एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांचा होता. ‘पी. के.’ ह्या दोन अक्षरांनीच त्यांना सारा देश ओळखतो. खेळाडू म्हणून ते ईस्टर्न रेल्वेचे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान ह्या कलकत्त्याच्या दोन बलाढ्य क्लबांपैकी एकाचाही शर्ट त्यांनी कधी अंगात घातला नाही. मात्र १९७२ पासून ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. १९७० ते १९७५ अशी सहा वर्षे कलकत्ता लीगचे विजेतेपद ईस्ट बंगालने हातचे जाऊ दिले नाही. त्यातली शेवटची चार वर्षे पी. के. ह्यांची. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडविला. त्या दिवसाचे दुःख बागानवाल्यांच्या घराघरांत पुढे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले.

आणि १९७६ साली हेच पी. के. मोहन बागानकडे गेले!

२४ जुलै १९७६ चा लीग सामना. खेळ सुरू होऊन सतरा सेकंद झाले असतील नसतील, तोच मोहन बागानचा गोल झाला. मारणारा महंमद अकबर, आमच्या हैदराबादचा. त्याचा थोरला भाऊ महंमद हबीब त्याच संघात. कलकत्ता ह्या बंधूंना ‘बडे मियां’ आणि ‘छोटे मियां’ म्हणत असे. सामना १-० असाच संपला आणि त्या वर्षीची लीगही मोहन बागानने जिंकली. सहा वर्षांची ईस्ट बंगालची मालिका तुटली, ती ज्याने तिच्यातली चार वर्षे पाहिली होती त्याच्याच हातून.

समजुतीच्या बाजूने ह्याहून बळकट साक्ष कोठे मिळणार? पण उलटतपासणी केली की ती थोडी डळमळते. पी. के. एकटेच गेले नव्हते. हबीब स्वतः सत्तरीच्या पूर्वार्धात ईस्ट बंगालकडून खेळून चुकला होता. म्हणजे बागानकडे केवळ प्रतिपक्षाच्या घराची माहिती आली नाही, त्या घरात वावरलेली माणसेही आली. विजय माहितीने दिला की माणसांनी, हे निवडून काढणे कठीण. शिवाय पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, पी. के. बागानकडे असतानाच लीग पुन्हा ईस्ट बंगालने घेतली. माहिती तीच, माणूस तोच, निकाल मात्र उलटा. हे खरे, की त्याच वर्षी शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स ह्या तिन्ही स्पर्धा बागानने जिंकल्या. पण ह्या आकड्यांतून ज्याला जे हवे ते काढता येईल, आणि जेथे दोन्ही पक्षांचे वकील एकाच कागदावर बोट ठेवतात, तेथे त्या कागदाचे वजन फारसे नसते, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो.

१३ जुलै १९९७ चा फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना तर मला फारच बोधप्रद वाटतो. सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर एक लाख एकतीस हजार प्रेक्षक. एका बाजूला ईस्ट बंगालचे पी. के., दुसऱ्या बाजूला मोहन बागानचे अमल दत्त. दत्त हे तरुणपणी ईस्ट बंगालचे खेळाडू आणि पुढे दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक; पी. के. ह्यांचीही दोन्ही घरे पाहून झालेली. दोघांचाही प्रतिपक्ष हा जुना संघच! घरभेदाने जय मिळतो असे मानले, तर त्या दिवशी दोघांनाही जिंकणे प्राप्त होते. प्रत्यक्षात ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले, ते बायचुंग भुतियाच्या तीन गोलांमुळे. त्याच्यापुढे दोन्ही वृद्ध गुरूंच्या वह्या सारख्याच निरुपयोगी ठरल्या.

येथे एक स्वानुभव सांगतो. वकिलीची सनद मिळाल्यावर मी काही वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केले आणि मग स्वतःचे कार्यालय थाटले. त्यांच्याविरुद्ध प्रथमच उभे राहण्याचा प्रसंग आला त्या आदल्या रात्री मी खुशीत होतो. दुबळा मुद्दा आला की ते चष्मा पुसू लागतात, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा दोनदा पुसला. दोन्ही वेळी मी झेप घेतली, दोन्ही वेळी मुद्दा पक्का निघाला आणि मी तोंडघशी पडलो. मी त्यांना ओळखत होतो, त्याहून ते मला अधिक ओळखत होते, एवढे साधे गणित माझ्या ध्यानात आले नव्हते. जुन्या संघावर चालून जाणाऱ्या प्रशिक्षकाचेही असेच असले पाहिजे. एका माणसाने पंचवीस खेळाडूंना ओळखावे, आणि त्या पंचविसांनी मिळून त्या एकाला ओळखावे, ह्यांत अधिक जाणता कोण?

वकिलांना निदान नियमाचे कुंपण आहे. ज्या पक्षासाठी दाव्यात सल्ला दिला वा कैफियत लिहिली, त्याच दाव्यात त्याच्या विरुद्ध पक्षातर्फे उभे राहावयाचे नाही, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. प्रशिक्षकाला तसे कुंपण नाही, आणि करारात ते घालू म्हटले तरी टिकणे अवघड. कारण १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ माणसाच्या व्यवसायावर निर्बंध घालणारा करार तेवढ्यापुरता शून्य मानते. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आणि त्याचे व्यावसायिक व्यवहार पाहणारी कंपनी ह्यांच्यातल्या वादात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व खेळाडूला लागू केले: कराराची मुदत संपल्यावर जुन्या कंपनीने त्याला बांधून ठेवता कामा नये. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण प्रेक्षकाचे मन कलम २७ वाचत नाही.

गोव्याच्या लोकांनी हा अनुभव अलीकडे दोनदा घेतला. एफ. सी. गोवा संघाला आक्रमक खेळाची गोडी लावणारे स्पेनचे सेर्जिओ लोबेरा २०२० मध्ये मुंबई सिटीकडे गेले. पाठोपाठ ह्युगो बुमूस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि म्हापशाचा मंदार राव देसाई हेही गेले. त्या हंगामात दोन्ही संघ चार वेळा भेटले. पहिला सामना मुंबईने जादा वेळेतल्या पेनल्टीवर १-० असा जिंकला, तोही गोव्याचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर काढला गेल्यानंतर. उरलेले तिन्ही बरोबरीत: ३-३, २-२, ०-०. त्यातले शेवटचे दोन उपांत्य फेरीचे होते आणि फैसला पेनल्टींवर ६-५ असा लागला. निर्णायक पेनल्टी मारणारा मुंबईचा रॉलिन बोर्जिस, गोव्याचाच मुलगा. २-२ च्या सामन्यात मुंबईचे दोन्ही गोल बुमूस आणि फॉल ह्यांचे, म्हणजे कालपरवापर्यंत गोव्याच्याच असलेल्यांचे. लोबेरांच्या ज्ञानाचा लाभ झाला असे म्हणावयाचे, तर चार सामन्यांत एक विजय, हे त्याचे मोल. बाकीचे श्रेय त्यांनी बरोबर नेलेल्या माणसांचे.

दुसरा प्रसंग हुआन फेरांदो ह्यांचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी गोव्याला ड्युरँड चषक मिळवून दिला आणि डिसेंबरमध्ये, ऐन हंगामात, ते एटीके मोहन बागानकडे निघून गेले. करारातली सुटकेची रक्कम बागानने भरली होती; कायद्याने बोट ठेवण्यास जागा नव्हती. दोन आठवड्यांच्या आत, २९ डिसेंबरला, त्यांनी गोव्याला २-१ असे हरविले. पहिला गोल लिस्टन कुलासोचा; तोही गोव्याचाच! फेब्रुवारीत पुन्हा २-० असा विजय. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये फातोर्ड्यावर गोव्याने फेरांदोंच्या संघाला ३-० ने लोळविले. डिसेंबरात त्यांनी २-१ ची परतफेड केली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये गोव्याने कलकत्त्यात जाऊन ४-१ असा विजय मिळविला. थोड्याच दिवसांत बागानने फेरांदोंना निरोप दिला. पाच सामन्यांच्या ह्या हकिगतीत एक गोष्ट मला दिसते: ज्ञान ताजे होते तोवर फळले, आणि जुना संघ बदलत गेला तसतसे शिळे होत गेले. जोझे मोरिन्यो ह्यांनी २०१० मध्ये इंटर संघ घेऊन आपल्या जुन्या चेल्सीला दोन्ही सामन्यांत हरविले आणि २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेऊन गेले तेव्हा त्याच मैदानावर ०-४ असा मार खाल्ला, हे उदाहरणही ध्यानात घ्यावे.

आणखी एक हेत्वाभास सांगितला पाहिजे. यशस्वी प्रशिक्षक बहुधा अधिक सधन, अधिक बलवान संघाकडे जातो. तो जुन्या संघाला हरवितो तेव्हा बलवानाने दुबळ्याला हरविलेले असते. आपण मात्र त्याला घरभेद म्हणतो. हकालपट्टी झालेला प्रशिक्षक दुबळ्या संघाकडे जातो आणि हरतो, तेव्हा त्याची कोणी आठवण काढत नाही.

आता हैदराबादचे सांगतो. पुण्याचा एफ. सी. पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफ. सी. उभा राहिला. २०२० मध्ये मानोलो मार्केस हे त्याचे प्रशिक्षक झाले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्स ६८ व्या मिनिटाला पुढे गेले. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होराने बरोबरी केली आणि पेनल्टींत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडविले. दोघेही गोव्याचे. रहीमसाहेबांच्या शहराला इतक्या वर्षांनी देशाचे अजिंक्यपद मिळाले ते गोमंतकीयांच्या हातापायांनी आणि गोव्याच्याच भूमीवर. त्या रात्री माझ्या घरी आजोबांची फार आठवण निघाली.

२०२३ मध्ये मानोलो गोव्याला गेले. ओदेई ओनाइंदिया तिकडे गेला, पुढे महंमद यासीरही गेला. इकडे क्लबाची आर्थिक घडी विस्कटली; खेळाडूंचे पगार थकले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीस बंदी आली आणि एकेक करून परदेशी खेळाडू निघून गेले. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ते असे. त्या हंगामाच्या २२ सामन्यांत हैदराबादला एक विजय मिळाला, पाच बरोबऱ्या आणि सोळा पराभव. गुण अवघे आठ. एप्रिल २०२४ मध्ये मानोलोंच्या गोव्याने हैदराबादला ४-० असे हरविले. मी तो सामना शेवटपर्यंत पाहिला. ज्यांच्या सवयी मानोलोंना ठाऊक होत्या असे किती जण त्या दिवशी पिवळ्या शर्टात उरले होते? बहुतेक पोरे त्यांनी हाताखाली कधी घेतलीच नव्हती. त्यांच्या वहीतली जुनी पाने त्या दिवशी कोऱ्या कागदाइतकीच उपयोगाची होती आणि तरी चार गोल झाले.

जानेवारी २०२५ मध्ये गच्चीबावलीच्या मैदानावर हे दोन संघ पुन्हा भेटले. मानोलो तोवर भारताचेही प्रशिक्षक झालेले होते. गोवा गुणतक्त्यात वर, हैदराबाद तळाशी. सामना १-१ असा सुटला. बाहेर पडताना एक वृद्ध गृहस्थ उर्दूत म्हणत होते की, मास्तर परतून आला आणि पोरांनी त्याला रिकाम्या हाताने धाडले. मी त्यांना सांगू शकलो असतो की, ह्या पोरांना त्या मास्तरांनी शिकविलेले नाही. सांगितले नाही.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात क्लब दिल्लीस हलला आणि त्याचे नावही बदलले.