पहिले पुस्तक कोणासाठी?

१८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बालमित्र' छापले गेले. बर्केन या फ्रेंच लेखकाच्या बोधपर गोष्टी इंग्रजीमार्गे मराठीत आल्या. अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला तो १८५३ मध्ये.

मुलांना काय शिकवावे, हा त्या काळचा प्रश्न. मूल कसे शिकते, हा प्रश्न पुढे आला. काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली.

पुस्तकाचेही तसेच असावे, असे आम्हाला वाटते. अचलपूर परिसरातले मूल घरी वऱ्हाडी, उर्दू किंवा कोरकू बोलते. त्याला एक पान वाचू द्यावे, मग गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगू द्यावी. जोडाक्षरांवर वारंवार अडले, तर सोपे पुस्तक द्यावे. वाचले पण सांगता आले नाही, तर अडचण भाषेची. आधी आपण वाचून दाखवावे, शब्दांवर बोलावे. मुलाला 'कच्चे' ठरवण्याआधी पुस्तकाची परीक्षा घ्यावी.