श्रम, ऋतू आणि बालकांचा आकस्मिक मृत्यू : कारणविचाराचा इतिहास

निरोगी दिसणारे मूल धावता-खेळताना कोसळून मृत्यू पावले, तर लोकव्यवहारात 'ऊन लागले' किंवा 'हृदय बंद पडले' असे एकच कारण सांगितले जाते. पहिले कारण ऋतूत शोधलेले असते, दुसरे देहात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र हे दोन विचार कधी एकत्र, तर कधी पृथक् चाललेले दिसतात.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ते एकत्र आहेत. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्याने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून अल्प करावा, आणि बाल, वृद्ध व अजीर्णी यांनी तो वर्ज्य करावा, असा तेथे निर्देश आहे. विसाव्या शतकात यातील वयाची मर्यादा मागे पडली. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. पुढे कवायत व क्रीडास्पर्धा हा शालेय जीवनाचा भागच झाला. बालकाने व्यायाम करावा की नाही, हा प्रश्न उरला नाही. तो केव्हा व किती करावा, हा उरला.

या प्रश्नाची दोन स्वतंत्र उत्तरे १९५७ साली पुढे आली. अमेरिकन मरीन दलाच्या प्रशिक्षण-छावण्यांतील उष्माघातांच्या अभ्यासातून याग्लू व मिनार्ड यांनी एक निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ०.७, काळ्या गोलकाच्या तापमापकाला ०.२ व साध्या तापमापकाला केवळ ०.१ भार दिला होता. हवा दमट असली की घाम वाळत नाही व श्रमाने निर्माण झालेली उष्णता देहातच साठते, हे त्यामागील तत्त्व होय. त्याच वर्षी येर्वेल व लांगे-नील्सन यांनी एका नॉर्वेजियन कुटुंबातील चार बहिऱ्या भावंडांचे वर्णन केले. त्यांपैकी तिघांना आकस्मिक मृत्यू आला होता. हृदयाच्या विद्युत्-आलेखातील दोष हे त्याचे कारण होते. १९५८ साली लंडनच्या टिअर यांनी हृदयाच्या स्नायूच्या विषम जाडीचे वर्णन केले. हे विकार बहुधा आनुवंशिक असतात आणि श्रम हे प्राणघातक झटक्याचे निमित्त ठरू शकते.

अंबरनाथजवळील मोरिवलीसारख्या, उल्हास नदीच्या खोऱ्यातील वस्तीला पहिले उत्तर विशेष लागू पडते. येथील पारा नागपूरइतका चढत नाही. तथापि समुद्र दूर नसल्याने हवेत बाष्प असते. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश ही मर्यादा धरतो. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने माणसे दगावली, ती नागपुरी पारा नसतानाच. त्याच महिन्यात शासनाने २१ एप्रिलपासून शाळांना उन्हाळी सुटी जाहीर केली.

सुटी व पहाटेची कवायत यांनी उष्माघात टळू शकतो. आनुवंशिक हृद्विकार मात्र तसाच राहतो. विद्युत्-दोषाने मृत्यू आला असता शवविच्छेदनात हृदय निर्दोषही दिसते. अशा वेळी 'ऊन लागले' एवढ्यावर चौकशी संपली, तर मृत बालकाच्या भावंडांचा विद्युत्-आलेख कोणी काढीत नाही, आणि तोच विकार असलेले दुसरे मूल पुन्हा मैदानावर उतरते. ऋतूचा विचार करूनही देहाची तपासणी चालू ठेवणे का आवश्यक आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.