चित्रयंत्रांचा उदयास्त आणि आपली अक्षरे



मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु त्या इतिहासाचे एक प्रकरण आपल्या लिपीचे आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जिम क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी स्थापन केली. त्रिमितीय आकृतींचे गणित मुख्य प्रोसेसरवर न लादता त्यासाठीच घडविलेल्या चिपकडे सोपवावयाचे, ही तिची युक्ती. ‘जुरासिक पार्क’मधील (१९९३) डायनोसॉर अशाच वर्कस्टेशनांवर घडले. यंत्रे देखणी आणि अतिशय महाग. पुढे ते सामर्थ्य स्वस्त कार्डांच्या रूपाने साध्या पीसीत आले. २००९ साली कंपनी दिवाळखोरीत निघून विकली गेली.

आपल्याकडेही असेच एक विशेष यंत्र झाले. डॉसच्या काळातील पडदा म्हणजे ठरावीक चौकटींची जाळी. एका चौकटीत एक रोमन अक्षर. तेथे ‘कि’मधील उच्चारात मागून येणारी वेलांटी आधी कशी दाखवावी? ‘क्ष’ कसा जोडावा? आपल्या शेजारच्या वऱ्हाडाचे नाव तरी कसे लिहावे? कानपूरच्या आयआयटीत या प्रश्नावर काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली तेथे जिस्ट कार्ड विकसित झाले. पीसीत ते बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटे. महत्त्वाचे असे की, साठविला जाई तो अक्षराचा आकार नव्हे, वर्ण. त्यासाठीची इस्की संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ठरली. ‘क’ मराठीचा असो, बंगालीचा असो की तमिळचा, त्याचा संकेत एकच. वर्णमालेची व्यवस्था ध्यानी घेऊन केलेले हे काम मला आजही व्याकरणकारांच्या पंक्तीतले वाटते.

विंडोज आले, पडदा स्वतःच चित्रमय झाला आणि कार्डाचे प्रयोजन सरले. येथवर कथा अमेरिकेसारखीच. आपले नुकसान मात्र निराळे. कार्डाची जागा घेणाऱ्या अनेक फाँटांनी वर्णांऐवजी आकारांचे तुकडे साठविले, आणि प्रत्येकाचा संकेत वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग! यंत्र स्वस्त झाले. लेखन मात्र फाँटच्या मालकीचे झाले. विंडोज २००० मध्ये युनिकोड आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट आला, तेव्हा कोठे वर्ण पुन्हा वर्ण झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरच आधारलेली आहे.

मधल्या वर्षांत जुळविलेल्या स्मरणिका, प्रबंध, ग्रामवृत्तान्त अजून कित्येक घरांतील फ्लॉपींवर पडून असतील. ज्यांच्यापाशी असे काही आहे, त्यांनी फाँटचे नाव शोधून मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. छापील प्रत हाती असेल तर ती जपावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा ताडून पाहण्यास तीच उपयोगी पडते.